मागच्या ॲक्सलचं सील गळतंय? आधी कारण शोधा

जुन्या गाडीच्या मागच्या चाकाला आतल्या बाजूने तेलाचे ओघळ दिसले की बहुतेक जण नवं ऑइल सील (ॲक्सलच्या फिरत्या शाफ्टभोवती बसून ऑइल आत धरणारं कडं) आणून बसवतात. काही महिन्यांत पुन्हा तेच ओघळ येतात आणि सीलच्या नावाने बोटं मोडली जातात. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत दोष सीलचा क्वचितच निघाला. म्हणून चाकाचे नट सैल करण्याआधी मी दोन-तीन गोष्टी बघून घेते.

पहिली, गळतंय ते नक्की काय? बोटावर घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. ते निघालं तर व्हील सिलिंडर (ब्रेक शू ढकलणारा छोटा सिलिंडर) बघा, ॲक्सल खोलण्याचा खटाटोप नको.

दुसरा ब्रीदर. ॲक्सलच्या हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, वरच्या अंगाला एक छोटी टोपी किंवा भोक असलेला बोल्ट असतो. गाडी पळाली की ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. चिखलाने हे भोक बुजलं की हवा सीलच्या लिपमधून (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेतून) वाट काढते आणि येताना ऑइलही घेऊन येते. बारीक तार घालून भोक मोकळं करा. मग गाडी सपाट जागेवर उभी करून फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) काढा. बहुतेक गाड्यांत ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवं. भळाभळा बाहेर आलं तर जास्त भरलेलं होतं. ते निथळू द्या.

हे दोन्ही ठीक असेल तर खोलायला घ्या. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्या आणि मग हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, कसा अडकवलाय ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काही गाड्यांत डिफचं (डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) कव्हर उघडून आतली सी-क्लिप काढावी लागते. काहींत हब निमुळत्या शाफ्टवर चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि मोठ्या नटने बसलेला असतो, त्याला दणकट पुलर लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र बेअरिंग एका प्लेटने दाबलेलं असतं. त्या प्लेटचे नट शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या चपट्या ताटलीला) असलेल्या भोकातून पाना घालून एकेक सोडवायचे. खाली शिम (पातळ चकत्या) निघाल्या तर ज्या बाजूच्या त्या बाजूलाच राहतील अशा ठेवा. शाफ्ट हाताने येत नसेल तर चाकाच्या स्टडला स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने झटके देऊन ओढणारं अवजार) लावून सरळ रेषेत ओढा. तिरका झटका दिला तर गाडी स्टँडवर हलते.

शाफ्ट बाहेर आला की तो नीट पुसा आणि सीलचा लिप जिथे घासतो त्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खोबण पडली आहे आणि कितीही भारी सील लावलंत तरी ऑइल येणारच. खोबण उथळ असेल आणि हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवा म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल. खोल असेल तर वर चढवायची पातळ स्लीव्ह मिळते. नुसता गंज असेल तर 600 नंबरचा पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक चरा ऑइलला वाट होतो.

आता बेअरिंग. फिरवून, हलवून बघा. खरखर किंवा ढिलाई जाणवली तर सीलबरोबर तेही बदला, कारण शाफ्ट डुगडुगत असेल तर लिप एका बाजूने उघडाच राहतो. प्लेटवाल्या ॲक्सलमध्ये बेअरिंगमागे दाबून बसवलेली कॉलर असते. ती ड्रिलने भोक पाडून, छिन्नीने फोडून काढतात. ड्रिल शाफ्टपर्यंत जाऊ द्यायचं नाही. जुनी कॉलर पुन्हा कधीही वापरू नका. अशा ॲक्सलमध्ये शाफ्ट आणि चाक गाडीला धरून ठेवण्याचं काम तीच करते. नवी कॉलर प्रेसवरच बसते, तेव्हा प्रेस नसेल तर हे काम वर्कशॉपला द्या. यात काटकसर मला मान्य नाही.

सीलवर 35×52×7 अशासारखे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मापं इंचांत असतात, म्हणून व्हर्नियरने मोजून घ्या. जुनं सील उचकटताना हाउसिंगच्या आतल्या भिंतीला ओरखडा येऊ देऊ नका. नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे डिफकडे ठेवा. स्प्रिंगवर थोडं ग्रीस चोपडलं की ठोकताना ती निसटत नाही. लिपवर गिअर ऑइल लावा. सीलची बाहेरची कड रबराची असेल तर सीलंट नको. उघड्या लोखंडाची असेल तर अगदी पातळ थर पुरे. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढी सपाट चकती किंवा सॉकेट ठेवून हलके ठोके द्या आणि चारही बाजूंनी खोली सारखी आहे का मोजा.

शाफ्ट आत घालताना दोन्ही हातांनी उचलून धरा. शाफ्टच्या आतल्या टोकाचे स्प्लाइनचे दात कोऱ्या लिपवर एकदा घासले तरी सील वाया जातं. दात डिफमध्ये बसत नसतील तर शाफ्ट जरासा फिरवा, हातोडा घेऊ नका. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळा.

ऑइल प्यायलेले ब्रेक शू धुऊन चालत नाहीत. तापले की लायनिंग पुन्हा ऑइल सोडतं आणि एक चाक ब्रेकला दगा देतं. दोन्ही बाजूंचे शू जोडीने बदला. गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरा. पितळी किंवा ब्रॉंझचे गिअर असलेल्या जुन्या ॲक्सलमध्ये तर हे फारच सांभाळा. बॅक प्लेट (ब्रेक शू ज्यावर बसतात ती पत्र्याची ताटली) कोरडी पुसून एक फेरी मारा, खालच्या कडेवरून बोट फिरवा, आणि आठवडाभराने तीच जागा पुन्हा तपासा.