स्पंज टपकत असेल तर मशीन सुरू करू नका

लठ्ठपणा आणि टीडीसीएस (डोक्यावर ओले स्पंज बांधून मेंदूला सौम्य करंट देण्याची पद्धत) हा विषय घेऊन पीएचडीला नाव नोंदवलं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. दोन आठवड्यांच्या सेशन्सनी कुणाचं वजन उतरेल या आशेवर सिनॉप्सिस लिहू नका. अमेरिकेच्या एफडीएने 2008 साली टीएमएसला (चुंबकाने मेंदूला चालना देणारी वेगळी पद्धत) नैराश्यासाठी मान्यता दिली, पण लठ्ठपणासाठी ना टीएमएसला तशी मान्यता आहे, ना टीडीसीएसला. आपण मोजतो ती खाण्याची ओढ, स्वतःला आवरण्याची क्षमता, एन-बॅकसारख्या स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि फार तर उपाशीपोटीची साखर व इन्शुलिन. एवढंही भरपूर काम आहे, घाबरू नका.

मी अडकले ती जागा मात्र कुठल्या पेपरात ठळकपणे सापडली नव्हती.

आमची मांडणी नेहमीचीच होती: 2 मिलीअँपिअर, 20 मिनिटं, 35 चौरस सेंटीमीटरचे दोन स्पंज, कपाळाच्या वर उजवीकडे एफ4 या जागेवर ॲनोड (धन टोक), डावीकडे एफ3 वर कॅथोड (ऋण टोक). आपल्याकडच्या बायकांचे केस दाट, वर खोबरेल तेल, त्यामुळे इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) खाली येईना. मग मी मीठपाणी ओतत गेले. आकडा उतरला, मशीनने हिरवा दिवा दाखवला, मी निर्धास्त झाले. अकरा जणींची सेशन्स अशी झाली. बाराव्या ताई म्हणाल्या, "मॅडम, पाणी कपाळावरून ओघळतंय." पट्टा सोडून हात फिरवला, तर दोन स्पंजांच्या मधला सगळा भांग ओला!

हे नीट समजून घ्या. मशीनला एकूण अडथळा कळतो, करंट कुठून गेला ते कळत नाही. एफ3 आणि एफ4 वरच्या स्पंजांच्या कडांमध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर असतं. सगळं नीट असतानाही बराच करंट कातडीतूनच जातो. त्यात मधले केस मीठपाण्याने भिजले, की कवटी ओलांडून आत जाण्यापेक्षा त्याला वरूनच पलीकडे जाणं सोपं पडतं. म्हणजे इम्पीडन्स जितका छान दिसतो, तितका मेंदूपर्यंत करंट कमी पोचत असू शकतो. पुढचा घोटाळा याहून वाईट आहे. खऱ्या गटालाही जवळजवळ शॅमच (तुलनेच्या गटाला देतात तो खोटा करंट) मिळतो, दोन्ही गट सारखे निघतात आणि आपण "परिणाम नाही" असं लिहून मोकळे होतो. मी त्या अकराही जणींची सेशन्स बाद केली. त्या रात्री रडले.

आता मी सिरिंजने मोजून स्पंजाच्या प्रत्येक बाजूला साधारण 6 मिली पाणी घालते. केस बाजूला सारून कातडीपर्यंत पोचते, पट्टा आवळल्यावर मधली जागा टिश्यूने टिपते आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा बोट फिरवून बघते.

गाईड निवडताना पेपरांची यादी बघू नका. शेवटचा स्पंज स्वतःच्या हाताने कधी बांधला, ते विचारा. मला खरं शिकवलं ते शेजारच्या विभागातल्या टेक्निशियन दादांनी. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट वर्कशॉपने हात बसत नाही, आणि ऑनलाइन मिळणारी स्वस्त घरगुती यंत्रं संशोधनात आणूच नका.

बाकी थोडक्यात. पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयमध्ये (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी झालेली हवी. बीएमआयची रेघ 25 वर की 30 वर, हे आधीच ठरवा; भारतीयांसाठी 25 धरतात, बाहेरचे बरेच अभ्यास 30 धरतात, आणि मग तुलना अडते. सेशनच्या वेळा जेवणाशी बांधून ठेवा. आणि पहिल्याच भेटीत विचारा, "कोणते उपास धरता?" संकष्टीला दिवसभर उपाशी असलेल्या बाईच्या खाण्याच्या ओढीचा आकडा एरवीच्या दिवसाच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

तेलाचं मात्र आदल्या संध्याकाळी फोन करूनच सांगावं लागतं. "उद्या केस धुऊन, कोरडे करून या, तेल लावू नका." त्या बाराव्या ताईंना मी असा फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधीच सांगितलं असतंत तर पहिल्या दिवशीही धुऊन आले असते."