ग्रानादातला एक दिवस: या चुका टाळा

दक्षिण स्पेनमधले ग्रानादा पाहताना दमणूक टळत नाही. एका टेकडीवर अल्हाम्ब्रा हा मुस्लिम सुलतानांचा तटबंदीतला राजवाडा-परिसर, समोरच्या टेकडीवर आल्बाइसिनची जुनी वस्ती आणि दोहोंच्या मधून दार्रो नदी, अशी या शहराची रचना असल्यामुळे दिवसभर चढउतार करावाच लागतो. मात्र तीच दमणूक सार्थकी लागणार की वाया जाणार, हे बव्हंशी तिकिटावर छापलेल्या एका वेळेवर ठरते आणि नेमक्या त्याच वेळेबाबत आपल्याकडचे पर्यटक पुन्हा पुन्हा चुकताना दिसतात.

अल्हाम्ब्राच्या सर्वसाधारण तिकिटावर जी वेळ असते, ती संपूर्ण परिसराच्या प्रवेशाची नसून केवळ आतल्या नासरी राजवाड्यांच्या, म्हणजे नासरी घराण्यातल्या सुलतानांच्या महालांच्या, प्रवेशाची असते. ओळखीच्या एका पुणेकर कुटुंबाकडे साडेअकराचे तिकीट होते. ते बरोबर साडेअकराला मुख्य प्रवेशद्वारापाशी पोहोचले, आपण वेळेवर आलो या समाधानात आधी शेजारच्या हेनेरालिफे बागेत शिरले, कारंज्यांपाशी सर्वांचे फोटो काढून झाले, आणि ते राजवाड्यांच्या दाराशी आले तेव्हा एक वाजत आला होता. तिथल्या कर्मचाऱ्याने एकही शब्द न बोलता तिकिटावरच्या वेळेवर बोट ठेवले. त्या कुटुंबातल्या आजी निवृत्त इतिहास शिक्षिका होत्या आणि राजवाड्यांतले सिंहांचे प्रांगण पाहायचे म्हणूनच त्या एवढ्या लांब आल्या होत्या. दिवसाची तिकिटे केव्हाच संपलेली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची गाडी होती. मी तेव्हा त्यांच्यासोबत होतो. दाराबाहेरच्या दगडी कठड्यावर त्या बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

त्यांचे काय हुकले, हेही सांगायला हवे. चौदाव्या शतकात पाचव्या मुहम्मदाच्या काळात उभारलेल्या त्या प्रांगणात संगमरवराचे बारा सिंह एक कुंड पाठीवर पेलून उभे आहेत. कुंडाच्या कडेवर दरबारी कवी इब्न झमरक याची अरबी कविता कोरलेली आहे. वाहते पाणी कोणते आणि दगड कोणता हे डोळ्यांना कळेनासे होते, अशा आशयाच्या ओळी तिच्यात आहेत. तिथे उभे राहून कुंडाकडे पाहिले की कवीने अतिशयोक्ती केलेली नाही, हे पटते. ते पाणीही दार्रो नदीच्या वरच्या अंगाला काढलेल्या पाटाने, केवळ उताराच्या बळावर या टेकडीवर आणलेले होते.

माझी पद्धत ठरलेली आहे. मी दिवसातला पहिला, म्हणजे सकाळी साडेआठचा प्रवेश घेतो आणि तिकीट दोन-तीन महिने आधी अधिकृत संकेतस्थळावरूनच काढतो. राजवाड्यांपासून मुख्य प्रवेशद्वार बरेच लांब असल्याने तिकीट हाती असेल तर थेट न्यायद्वारातून आत जावे आणि अर्धा तास आधी दाराशी हजर राहावे. राजवाड्यांनंतर आल्काझाबा किल्ला आणि शेवटी हेनेरालिफे करून मी रेय चिको नावाच्या उतारावरून नदीकाठी येतो. याच परिसरातला पाचव्या चार्ल्सचा महाल विनातिकीट पाहता येतो, म्हणून तो घाईच्या वेळी पाहू नये.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. तिकीट नावाने निघते आणि प्रवेशाच्या वेळी मूळ ओळखपत्र मागतात. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

सकाळी कोर्दोबा आणि दुपारी ग्रानादा असा बेत आखणाऱ्यांना मी स्पष्टपणे नको म्हणतो. दोन शहरांवर खूण करता येते, पण पाहून एकही होत नाही.

दुसरी मोठी चूक दुपारची. जुलै-ऑगस्टमध्ये पारा कधीकधी चाळिशी गाठतो, दोन ते पाच या वेळात बरीचशी दुकाने बंद असतात, आणि नेमक्या त्याच वेळी उत्साही मंडळी आल्बाइसिनचा चढ चढू लागतात. त्या गल्ल्या गोल गोट्यांनी बांधलेल्या आहेत; पातळ तळाच्या चपला घातल्या तर तासाभरात टाचा बोलू लागतात. भरपेट जेवून दुपारी सरळ खोलीवर जाऊन झोपावे. परदेशात येऊन झोपायचे कसले, असे म्हणणारे संध्याकाळी सात वाजताच गळून जातात आणि दिवसाचा सर्वांत सुंदर तास गमावतात. झोपून उठल्यावर, बंद होण्याआधी, राजेशाही चॅपेलमध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्दिनांद यांच्या समाध्या पाहाव्यात. 2 जानेवारी 1492 रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने ग्रानादा ज्यांच्या हवाली केले, ते हेच दोघे. सकाळी राजवाडे पाहिलेल्या माणसाला त्या समाध्यांपुढे उभे राहताना इतिहासाची दोन्ही टोके एकाच दिवसात भेटतात.

त्यानंतर छोट्या बसने आल्बाइसिनमधल्या सान निकोलासच्या सज्जावर जावे, तिथून समोर अल्हाम्ब्रा दिसतो. इथेही घाई नडते. सूर्यास्त साडेसहा-सातला होणार हे आपण गृहीत धरतो. पण स्पेन भौगोलिकदृष्ट्या पश्चिमेला असूनही मध्य युरोपची वेळ पाळत असल्यामुळे जूनअखेर तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. लोक सातला येतात, लख्ख उन्हात समोरच्या तटांचे फोटो काढतात आणि कंटाळून उतरतात. त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ पाहून अर्धा तास आधी पोहोचावे. तिरपी उन्हे तटांवर पडून लाल रंग गडद होत जातो. सिएरा नेवादाची बर्फाच्छादित रांग मागे हवी असेल तर मात्र हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला यावे.

जेवणाचे हॉटेल आठच्या आत शोधू नका. स्वयंपाकघरे बहुधा त्यानंतरच सुरू होतात. पेयासोबत फुकट तापा, म्हणजे छोटी खाण्याची बशी, देण्याची प्रथा इथे अजून टिकून आहे, मात्र शाकाहारी मंडळींनी नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि टूना त्यात पुष्कळदा धरले जात नाहीत. दोन्हींची नावे घेऊन नाही म्हणावे आणि उसाच्या काकवीसोबत येणारी तळलेली वांगी मागवावीत.