सॅलडवर बाटलीतलं काय ओतता, शेंगदाण्याचा डबा आहे ना घरात

आमच्याकडे जळगावला सॅलड म्हणजे काय तर ताटाच्या कडेला काकडीच्या चार चकत्या, बुक्की मारून फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड. बस. त्यातला कांदा संपतो, लिंबू वरणात पिळलं जातं आणि काकडी तशीच परत येते, मग मी ती ओट्याजवळ उभी राहून खाते कारण टाकवत नाही. कितीतरी वर्षं हेच चालू होतं आणि मी घरच्यांना भाषण देत बसायचे की कच्चं खा कच्चं खा. चूक त्यांची नव्हती हो, नुसती कोरडी काकडी कोण खाणार, तेही शेवभाजीच्या शेजारी ठेवलेली.

मग मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून आली ती एक बाटली घेऊन. पांढरं घट्ट ड्रेसिंग, वर पानांचं चित्र. सॅलड त्या दिवशी चाटूनपुसून संपलं हे खरंय. सासूबाईंनी बाटली उलटीपालटी करून "हाई काय शे वं?" विचारलं, बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, गोड डालडा. मला हसू आलं पण चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं तर म्हातारी फार चुकली नव्हती. पहिलं नाव रिफाइंड सोयाबीन तेल, दुसरं पाणी, तिसरं साखर. एक गोष्ट लक्षात ठेवा, पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. पानांच्या चित्रावर जाऊ नका, पहिली तीन नावं वाचा, पुरे. असल्या मेयोसारख्या घट्ट ड्रेसिंगचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण 90 कॅलरी, आणि बाटली दाबली की एक चमचा कधीच येत नाही, तीन येतात.

पण त्या बाटलीने एक शिकवलं. लोकांना काकडीचा राग नाहीये, कोरडेपणाचा आहे. वरून काहीतरी आंबट, थोडं तिखट, थोडं स्निग्ध आणि दाताखाली कुरकुरीत आलं की तीच काकडी खातात. आणि हे चारही आपल्या खान्देशातल्या स्वयंपाकघरात आधीपासून पडलेलंय, फक्त आपण ते भाकरीसोबत खातो, भाजीपाल्यावर टाकत नाही.

तेल अजिबातच नको असंही करू नका बरं का. गाजर, टोमॅटो, पालेभाज्यांमधलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच, नुसतं लिंबू पिळून ते काम होत नाही. फक्त एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी हे डोक्यात ठेवायचं. म्हणून मी तेलाऐवजी शेंगदाणेच वापरते, त्यात निम्मं तेलच असतं, वर प्रोटीन मिळतं ते वेगळं.

तर माझं रोजचं शेंगदाण्याचं ड्रेसिंग. चार मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, सालं पाखडून. काळपट, सुरकुतलेले, कडवट वासाचे दाणे आधी निवडून फेका, बुरशी लागलेला दाणा चांगला नसतो, भाजला तरी त्यातलं विष जात नाही. खलबत्त्यात एक लसणाची पाकळी, अर्धी हिरवी मिरची आणि पाव चमचा मीठ आधी ठेचायचं, मग दाणे टाकून कुटायचं ते भाजीला करतो तसं रवाळ नाही, त्याच्या पुढे. पाच-सात मिनिटांनी कूट बत्त्याला चिकटायला लागतं, चमकतं, तेल सुटलं की समजायचं झालं (मिक्सरमधे थांबून थांबून फिरवलं तरी होतं, पण भांडं गरम होऊ देऊ नका). आता एक लिंबू पिळा. इथे सगळे घाबरतात कारण लिंबू पडल्या पडल्या ते एकदम घट्ट गोळा होतं, वाटतं फाटलं, बिघडलं. काही बिघडलेलं नाही. एकेक चमचा पाणी घालत घोटत राहा, पाचव्या-सहाव्या चमच्याला तो तपकिरी गोळा अचानक सैल होतो आणि रंग पांढरट होतो, अगदी सायीसारखा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं, त्याने बघून फक्त "बरं" म्हटलं. चमच्यावरून हळूच ओघळेल इतपत पातळ ठेवायचं. चार जणांच्या सॅलडला पुरतं. कोबी, गाजर, काकडी, उकडलेलं बीट, कशावरही जातं. काचेच्या बरणीत फ्रिजला तीन दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी घट्ट झालं तर पाणी घालून हलवायचं.

दुसरं दही-ठेच्याचं. हे आमच्या घरात सगळ्यात हिट आहे आणि याला रेसिपी म्हणायची लाज वाटते इतकं सोपं. अर्धा किलो दही पातळ फडक्यात बांधून दोनेक तास टांगायचं, उन्हाळ्यात मात्र बाहेर टांगू नका, मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, दही तासाभरात आंबूस होतं. चाळणीत फडकं, खाली पातेलं आणि अख्खं फ्रिजमधे. खाली जे पाणी गळतं ते कढीत किंवा कणकेत घाला, फेकू नका. वरच्या चक्क्यातला अर्धी वाटी घ्यायचा, त्यात एक छोटा चमचा घरचा ठेचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक कोथिंबीर, संपलं. ठेच्यात मीठ असतंच म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही. मेयोची सवय लागलेल्या पोरांना हे द्या, सॅन्डविचलाही लावतात. मुलं लहान असतील तर ठेच्याऐवजी नुसता लसूण-पुदिना.

हिवाळ्यात याचंच भरताचं रूप करते मी. बामणोदकडची हिरवी-पांढरी भरताची वांगी बाजारात यायला लागली की काट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याचं भरीत घरोघर होतं, आणि आपण त्यात तेल किती घालतो ते आपल्यालाच माहीत, तवंग आल्याशिवाय भरीत म्हणतच नाही. तर फोडणीत जाण्याआधी त्या ठेचलेल्या वांग्यातलं एक वाटीभर बाजूला काढायचं. त्यात दोन चमचे चक्का, लिंबू, मीठ, कांद्याची पात. मुळ्याचे, गाजराचे लांब तुकडे करून यात बुडवून खायचे. धुराचा वास तसाच राहतो आणि तेलाचा थेंब नाही. फोडणीचं भरीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत खा की, ते कोण बंद करायला सांगतंय.

उन्हाळ्यात कैरी. एक कैरी उकडून गर काढायचा, त्यात भाजलं जिरं, पुदिना, चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ, म्हणजे घट्ट पन्हंच समजा. काकडी, कांदा, मोड आलेल्या मुगावर मस्त लागतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी गूळ टाळायचा, गूळ घरचा असला तरी रक्तात जाऊन साखरच होतो, "गुळाने काही होत नाही" हे आपल्याकडे उगाच पसरलंय. कैरीचा सीझन नसेल तेव्हा आमचूर. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात आदिवासी बाया कैऱ्या सोलून फोडी करून उन्हात वाळवतात, त्या वाळक्या फोडी आणून घरी दळल्या तर पाकिटातल्या पावडरीपेक्षा वास कितीतरी चांगला येतो. पाव चमचा आमचूर दोन चमचे पाण्यात भिजवून घ्यायचा, कोरडा टाकला तर घशाशी बसतो.

आता टॉपिंग. इथे आपला खरा शत्रू कोण तर शेव. मी पण खान्देशचीच आहे, शेवेवर बोलायला जीव धजत नाही, पण काकडीवर मूठभर तिखट शेव टाकून त्याला सॅलड म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं, ती तळलेली आणि खारट असते. त्याजागी भाजलेले बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे वाळवणाचे पापड, चुरून टाका! ज्वारीचे बिबडे उन्हाळ्यात केलेले असतातच डब्यात, त्यात तीळ-लसूण-मिरची सगळं आधीच आहे, गॅसवर धरून भाजायचे, तळायचे नाहीत, आणि ताटात वाढल्यावर वरून हाताने चुरायचे. कुर्रर्र आवाज येतो खाताना. बाजरीच्या खारोड्या (वाळवलेले सांडगे) पण चालतात, थोड्या जाडसर कुटून. पण दोन्हीत मीठ असतं म्हणून ड्रेसिंगमधलं मीठ तेवढं कमी करा. दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि आपण तर पापड, लोणचं, ठेचा एकाच ताटात घेतो. बीपीवाल्यांनी फुटाणे वापरावे, बिनमिठाचे, सालासकट जाडसर कुटलेले.

जवस-तीळ माझ्याकडे कायम भरलेलं असतं. दोन वाट्या जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, एक वाटी तीळ वेगळे भाजायचे (एकत्र भाजले तर तीळ जळतात, जवस कच्चं राहतं), पूर्ण गार झाल्यावर चार सुक्या मिरच्या आणि जिरं घालून जाडसर फिरवायचं. जवस अख्खं खाऊन उपयोग नाही, ते तसंच्या तसं पोटातून बाहेर पडतं, त्यातलं ओमेगा-3 मिळायला ते दळलेलंच पाहिजे, आणि दळलं की त्याचं तेल हवेने लवकर खवट होतं. म्हणून थोडं थोडं करा, फ्रिजमधे ठेवा, रंगासारखा वास आला की फेकून द्या. माणशी एक चमचा, जास्त नाही, पहिल्यांदा खाणाऱ्याने तर अर्ध्यापासून सुरू करा आणि पाणी भरपूर प्या नाहीतर पोट धरून बसाल.

मोड आलेली मटकी-मूग टाकता तेव्हा पाच मिनिटं वाफवून घ्या. कच्चे मोड फार हेल्दी म्हणतात पण उबेत ओलाव्यात मोड येतात तिथेच जंतूही वाढतात, लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई घरात असेल तर कच्चे देऊच नका. वरून लिंबू मात्र पिळाच, कडधान्य-पालेभाजीतलं लोह क जीवनसत्त्वाने जास्त चांगलं शोषलं जातं.

एक वेगळी गोष्ट सांगते, हवी तर करा. रावेर-यावलकडे कोणाच्या मळ्यात ओळख असेल तर घड कापल्यावर केळीच्या खोडातला आतला पांढरा गाभा मागून आणा, नाहीतर ते खोड बांधावरच सडतं. गाभा म्हणजे एकदम आतला, मनगटाएवढा. पातळ चकत्या करायच्या, प्रत्येक चकतीनंतर कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे सुटतात ते बोटाला गुंडाळून काढायचे, बारीक चिरून लगेच ताकात टाकायचं नाहीतर काळं पडतं. मग पिळून त्यावर शेंगदाण्याचं ड्रेसिंग. काकडीचा चुलतभाऊ लागतो, जरा तुरट. दक्षिणेत खातात, आपल्याकडे एवढी केळी असून कोणी बघत नाही त्याच्याकडे. वेळखाऊ काम आहे, रविवारीच करा.

आणि ज्याच्यामुळे निम्मी सॅलडं वाया जातात ती चूक म्हणजे मीठ आधी घालणं. मीठ लागलं की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात, अर्ध्या तासात खाली डबकं, वर मऊ पडलेल्या फोडी, ड्रेसिंग सगळं त्या पाण्यात. एकदा मी भिशीच्या बायकांसाठी तासभर आधी सगळं कालवून ठेवलं होतं, भांडं टेबलावर आलं तेव्हा ते सॅलड कमी आणि सार जास्त दिसत होतं, एकीने चक्क वाटी मागितली. तेव्हापासून भाजी कापून फडक्यावर कोरडी करायची, झाकून फ्रिजमधे ठेवायची आणि ड्रेसिंग पानावर बसल्यावरच. उलट कोबी आणि मेथी यांना आधी चोळलेलं चालतं. कोवळी मेथी, कांदा, कूट आणि छोटा चमचाभर कच्चं तेल हाताने हलकंच चोळलं की कडूपणा खूप कमी होतो, मराठवाड्याकडे त्याला घोळाणा म्हणतात.

डब्यात न्यायचं असेल तर तीन वेगळ्या गोष्टी न्या. भाजी मोठ्या डब्यात, ड्रेसिंग झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत, बिबडा अख्खाच कागदात गुंडाळून. माझा नवरा पहिले दोन दिवस बिबडा नुसताच खाऊन टाकायचा आणि भाजी परत आणायचा, आता मी दोन देते, एक खायला आणि एक चुरायला.