पाण्याच्या चाकावर पटाशीला धार कशी लावावी

हत्याराचं ‘पाणी’ म्हणजे काय, हे मला वडिलांच्या पटाशीनं शिकवलं. कोरड्या बेंच ग्राइंडरवर ती जरा जास्त वेळ धरली, ठिणग्या उडाल्या आणि धारेच्या कोपऱ्यावर निळी झाक आली. लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे पोलाद तापवून-विझवून आणलेला कडकपणा, तिथं उतरलं होतं. कार्बन पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोचलं की असा निळा रंग चढतो. तेवढा भाग मऊ पडतो, आणि मग कितीही धार लावली तरी सागवानावर ती टिकत नाही. तो भाग घासून काढता काढता पटाशी दोन-तीन मिलिमीटर आखूड झाली.

पाण्याच्या यंत्रावर हे होत नाही. कोरडा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतो. स्वीडनच्या टॉर्मेक कंपनीच्या टी-८ या यंत्राचं २५० मिलिमीटर व्यासाचं चाक ९० फेरेच घेतं आणि त्याचा तळ सतत पाण्यात बुडालेला असतो. याच धर्तीची स्वस्त यंत्रंही मिळतात, पद्धत तीच. शिकायला सुरी घेऊ नका, तिची कड वळणदार असते. एक इंची सरळ पटाशी घ्या.

आधी पाठ. धार म्हणजे उतार (पात्याची तिरकी घासलेली बाजू) आणि पाठ (मागची सपाट बाजू) हे दोन पृष्ठभाग जिथं मिळतात ती रेघ. त्यातला एक खडबडीत राहिला तर दुसऱ्यावरची मेहनत वाया जाते. नवीन पटाशीच्या पाठीवरही कारखान्यातल्या घासणीचे ओरखडे असतात. १००० ग्रिटच्या (हा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) सपाट पाणदगडावर, म्हणजे पाणी लावून वापरायच्या धारेच्या दगडावर, पाठ पूर्ण टेकवून, धारेलगतचा इंचभर भाग एकसारखा दिसेपर्यंत घासा. याला तास लागला तरी कुरकुर नको, पटाशीच्या आयुष्यात हे एकदाच करायचं असतं.

मग यंत्राच्या तबकात पाणी भरा आणि चाक फिरू द्या. कोरडं चाक पाणी पितं, त्यामुळं दोन-तीन मिनिटांत पातळी खाली जाते. ती स्थिर होईपर्यंत भर घाला. वायर सॉकेटपर्यंत सरळ न नेता मध्ये खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही.

पटाशी यंत्राच्या पकडीत (आधाराच्या दांड्यावर पातं धरून ठेवणारा भाग) बसवताना गुण्या लावून काटकोन तपासा. लाकूडकामाच्या साध्या पटाशीला २५ अंशांचा उतार ठीक. हातोडीनं ठोकून खाचा पाडायच्या असतील तर ३० अंश ठेवा, धार लवकर तुटत नाही. जुनाच कोन कायम ठेवायचा असेल तर कोनमापकाहून मार्कर बरा. उताराला काळा मार्कर फासा, यंत्र बंद ठेवून चाक हातानं थोडं फिरवा आणि शाई कुठं पुसली गेली ते बघा. धारेजवळची पुसली तर कोन जास्त उभा झालाय, वरची पुसली तर जास्त आडवा. आधाराचा दांडा वरखाली करत राहा. धारेपासून वरपर्यंत शाई सारखी पुसली गेली की दांडा घट्ट करा, आणि पातं पकडीबाहेर किती आलंय ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

आता यंत्र सुरू करा. चाक धारेच्या दिशेनं येईल असं ठेवलं तर पोलाद लवकर निघतं, पाणीही पात्यावर नीट येतं. अंगठे धारेजवळ ठेवून दाबा आणि पटाशी डावी-उजवीकडे हलवत राहा. एकाच जागी धरली तर चाकात खोबण पडते. कडेला नेताना पात्याची निम्मी रुंदी तरी दगडावर राहू द्या, नाहीतर कोपरा जास्त खाल्ला जातो.

कुठं थांबायचं, हे यंत्र सांगत नाही. उतार चकचकीत दिसला म्हणून नवशिका थांबतो, पण धार अजून तयार झालेली नसते. पाठीकडून बोटाचं टोक धारेच्या बाहेर न्या (धारेवरून लांबीनं कधीच नाही). पोलादाची बारीक, खरखरीत कड बोटाला अडली पाहिजे. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली तरच उतार पाठीला जाऊन मिळाला असं समजा. मध्ये कुठं गुळगुळीत लागलं तर तिथली जुनी बोथट धार अजून तशीच आहे. मला अख्ख्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, आणि घाई नेमकी इथंच होते.

बर आली, पण पटाशी पकडीतून काढू नका. चाकाचा पोत बदलायचा एक दगड यंत्राबरोबर येतो. त्याची बारीक बाजू अर्धा-एक मिनिट फिरत्या चाकावर दाबली की २२० ग्रिटचं चाक १००० ग्रिटसारखं काम करू लागतं. आता हलक्या हातानं तोच उतार पुन्हा घासा. खोल ओरखडे गेले की पुरे.

शेवटी चामड्याचं चाक. नवं असेल तर आधी मशीनच्या तेलाचे थोडे थेंब मुरवा, मग पॉलिशची पेस्ट लावा. इथं दिशा उलटी असते, चाक धारेपासून दूर जात असलं पाहिजे. चुकून समोरून धरलं तर धार चामड्यात रुतते आणि पटाशी हातातून हिसकली जाते. एकदा उतार, एकदा पाठ, असं आलटून पालटून बर पूर्ण निघेपर्यंत करा. पाठ टेकवताना पटाशी उचलू नका, कडेला गोलाई येते.

दिव्याखाली धार डोळ्यांसमोर धरा. पांढरी रेघ चमकली तर तिथं धार बोथट आहे. मग देवदाराच्या फळीच्या टोकाला, जिथं रेषे आडवे तुटलेले दिसतात, तिथं पटाशी ढकला. मऊ लाकडाचे रेषे न चुरडता पातळ पापुद्रा निघाला तर काम झालं.

तबक लगेच काढून रिकामं करा. चाक रात्रभर पाण्यात राहिलं तर एका बाजूनं जड होतं. तळाचा गाळ मोरीत ओतू नका, तो घट्ट बसतो. पटाशी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण कोकणात आणि मुंबईत उघड्या पोलादावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. पुढच्या वेळी वहीत लिहिलेल्या मापानं पटाशी पकडीत बसवा. धार फार गेली नसेल तर नुसत्या चामड्यावरच काम भागेल.