बॅटरी नवी, तरी सेल्फ लागेना

खेड शिवापूरहून परतताना कात्रजच्या चढावर बाइकचा हेडलाइट मंदावला, हॉर्न घोगरा झाला. सकाळी सेल्फ नुसता टक्-टक्. गॅरेजमध्ये बॅटरी बदलून घेतली; आठवड्यात पुन्हा तेच. पैसे हकनाक गेले याचं फार वाईट वाटलं.

मग स्वतःच मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घेऊन बसलो. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट. म्हणजे ती ठणठणीत. गाडी चालू करून ५००० आरपीएमला १४ च्या आसपास यायला हवेत, माझ्याकडे १२.३! म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. बॅटरी बदलण्याआधी एवढं तरी मोजाच, दोन मिनिटांचं काम आहे.

स्टेटरच्या, म्हणजे इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या, तीन पिवळ्या वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) सोडवला. गाडी चालू ठेवून, मीटर एसी व्होल्टवर लावून दोन-दोन वायरी तपासल्या: तिन्ही जोड्यांत सारखंच व्होल्टेज. गाडी बंद करून बघितलं, बॉडीशी कंटिन्युइटी नाही, म्हणजे वायर कुठे बॉडीला शॉर्ट नाही. स्टेटर वाचला, हायसं वाटलं. दोष त्या कपलरमध्येच होता. एक पिन काळी ठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी, नाकाशी नेलं तर जळका वास.

नाना पेठेतून नवा कपलर आणला, पिना वायरींवर दाबून घट्ट क्रिम्प केल्या, रेग्युलेटरची (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) अर्थिंगही पॉलिश पेपरने घासली. आता १४.२.