सातबाऱ्यावर नसलेली नावे : जमीन राखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कोकणातील खाजगी जंगल आणि त्याला लागून असलेली भातशेती राखण्याचे काम करणाऱ्या एका लहानशा न्यासात मी सात वर्षांपूर्वी रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी होती, बऱ्यापैकी दुर्बीण होती आणि आपल्याला सातबारा वाचता येतो हा समज होता. या तिसऱ्या गोष्टीने जो फटका दिला, तो मी अजून विसरलेलो नाही.

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण अमेरिकेतील भूमिन्यासांविषयी वाचून येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ पासून अशी संस्था काम करते आहे. तेथे न्यास जमीन विकत घेतो, किंवा मालकी मालकाकडेच ठेवून बांधकामाचा आणि तोडीचा हक्क कायमचा सोडवून घेतो, आणि ते बंधन पुढच्या प्रत्येक खरेदीदारावर राहते. आपल्याकडे हे जसेच्या तसे होत नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर वाटेचा किंवा पाण्याचा हक्क मानतो. ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही, तिचा झाडे राखण्याचा हक्क त्यात बसवता येत नाही. शेतजमीन विकत घ्यावी म्हटले, तर कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते, कारण बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. म्हणून आमच्यासारख्यांच्या हाती मुख्यतः ठरावीक मुदतीचा करारच उरतो : मालकाने तोड करायची नाही आणि न्यासाने दर वर्षी मोबदला द्यायचा. लाकडाचा ठेकेदार अख्खा उतार उभाच विकत घेतो आणि पैसे एकरकमी देतो. घरात लग्न निघाले की आमचा वार्षिक हप्ता त्यापुढे केविलवाणा दिसतो, हेही आधीच समजून घ्यावे.

आता मी जेथे फसलो, त्याकडे येतो. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीच्या वर ऐन, किंजळ आणि बेहड्याचा दाट उतार होता. त्यातील एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती; ढोलीचे तोंड लिंपलेले, फक्त चोचीपुरती फट, आणि नर त्या फटीतून तिला एकेक फळ भरवत होता. ते पाहिल्यावर माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. ज्यांची ती जागा, त्या अण्णांनी सांगितले, "ही बाजू आज्यापासून आमच्याच वहिवाटीत आहे, कोणी विचारायला यायचे नाही." सातबाऱ्यावर चार नावे सामाईक होती, पण वाटप तोंडी झालेले होते आणि ते साऱ्या वाडीला ठाऊक होते. मी शंभराच्या स्टॅम्पवर अण्णांची एकट्याची सही घेतली, नोटरी केली आणि पहिला हप्ता दिला. पुढच्या जानेवारीत मुंबईतल्या एका चुलतभावाने 'आपला हिस्सा' ठेकेदाराला दिला आणि तीन दिवसांत उतार बोडका झाला. मी पोहोचलो तेव्हा बेहड्याचा बुंधा ओलाच होता, आणि ढोलीचा भाग कामाचा नाही म्हणून तेथेच टाकून दिला होता.

माझा कागद ठेकेदाराच्या कागदापेक्षा वरचढ नव्हता, हे मला त्यानंतर कळले. सरस-निरस वाटप, म्हणजे जमिनीचा कस पाहून रीतसर वाटणी, होऊन प्रत्येकाचे वेगळे पोटहिस्से पडत नाहीत, तोवर सामाईक जमिनीच्या प्रत्येक गुंठ्यात प्रत्येक सहहिस्सेदार असतो. वहिवाट कोणाचीही असो, एकाची सही बाकीच्यांना बांधत नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. त्या चुलतभावाचे नाव सातबाऱ्यावर नव्हतेच. नाव होते त्याच्या वडिलांचे, जे वीस वर्षांपूर्वी वारले होते आणि ज्यांची वारस नोंद कोणी केलेली नव्हती. म्हणजे मी चारही सह्या मागितल्या असत्या, तरी त्यांतील एक सही मृताची ठरली असती. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत तो खरा मानला जातो, एवढेच; तो मालकीचा दाखला नव्हे. शिवाय २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला असताना, कितीतरी सातबारा उताऱ्यांवर बहिणी अजून 'इतर हक्क'च्या रकान्यात असतात किंवा मुळीच नसतात.

म्हणून सातबारा उताऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांक, म्हणजे नावातील प्रत्येक बदलाच्या नोंदीचा क्रमांक, उलटा शोधत जा, जुने हस्तलिखित उतारे काढा आणि स्वतःच्या हाताने वंशावळ लिहा. ती घरातील सर्वांत वृद्ध बाईसमोर बसून लिहा. पुरुष बहिणींची नावे गाळतात, बहुधा मुद्दाम नव्हे. म्हातारी मात्र कोण कोठे दिली आणि कोणाला किती मुले, हे न अडखळता सांगते. मला हे एका निवृत्त भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, शिकवले, ज्यांना धनेश आणि घार यांतील फरकही सांगता आला नसता. नामवंत निसर्गतज्ज्ञांच्या मागे फिरण्यात मी घालवलेली दोन वर्षे त्यांच्या ओसरीवर घालवली असती, तर तो उतार कदाचित वाचला असता.

मोबाइलवर हद्द आखून देणारी ॲप आणि इतर संस्थांचे आयते मसुदे यांवर माझा विश्वास नाही. मुंबईकर हिस्सेदारांकडून कुलमुखत्यारपत्र मागवून एकाच्याच सहीने काम उरकण्याचा सल्ला तर हटकून मिळेल. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सहसा संपते आणि भाऊबंदकीत संशय मात्र मागे ठेवते. शेवटची सही होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

इतके वाचून कोणी माघार घेऊ नये. सह्या मिळतात. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा, मे महिन्यात आणि गणपतीत सगळे भाऊबंद एका छपराखाली असतात. जमिनीवरून वर्षभर न बोलणारे लोकही आरतीनंतर पडवीत बसून कागद वाचतात, आणि दूर राहणाऱ्यांनाच झाडे हवी असतात, असे मला वारंवार दिसले आहे. एका गणपतीत पाच सह्या झाल्याचेही मी पाहिले आहे, आणि एका सहीसाठी तीन शिमगे थांबलोही आहे.

अण्णांच्या त्या उतारावर आता ऐनाच्या खुंटांना डोक्याइतके उंच फुटवे आले आहेत. बेहड्याला आलेले नाहीत. वंशावळीत चौदा नावे निघाली. अकरा सह्या झाल्या आहेत, दोघे येत्या शिमग्याला येणार आहेत, आणि चिपळूणला दिलेल्या धाकट्या आत्याने मला कागद घेऊन नव्हे, आधी नुसते जेवायला बोलावले आहे.