धातूच्या किटचं वाफेचं इंजिन लंगडतंय? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या, आत विजेची मोटर असलेल्या वाफेच्या इंजिनाचं किट उघडलं की कोरलेले चकचकीत पितळी पत्रे बघून हात शिवशिवतात, आणि बहुतेक जण बॉयलर आणि केबिनला हात घालतात. दिसायला तेच छान! माझ्या पहिल्या इंजिनाचंही असंच झालं. रंग झाला, नंबर लागले, आणि रुळावर ठेवल्यावर गडी लंगडायला लागला. तो खोलून दुरुस्त करताना रंगाचं काय झालं ते विचारू नका. आता आधी चासी, म्हणजे चाकं आणि मोटर धरणारा खालचा सांगाडा. तीही मोटर न लावता काचेवर बोटाने ढकलली की सरसर सरकली पाहिजे. तोवर बाकीचे भाग डब्यात.

सहा चाकांच्या चासीची अडखळ बहुतेक वेळा कपलिंग रॉडमध्ये, म्हणजे एका बाजूची चाकं जोडणाऱ्या दांड्यांमध्ये असते. मोटर लावली की गिअरच्या घरघरीत ती लपते आणि आपण उगाच मोटरला दोष देतो. म्हणून मोटर काढा आणि फक्त एका बाजूचे रॉड लावून चासी ढकला. तेवढ्यावरच अडली, तर रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं, अंतर जुळत नाही. क्रँक, म्हणजे चाकावरची रॉड जोडायची खुंटी, आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की नेमकी तिथे अडते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सुटसुटीत फिरतात, पण एकत्र लावल्यावर अडतात, तर दोष क्वार्टरिंगचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्रँकमधल्या कोनाचा. उजव्या-डाव्या क्रँकमध्ये 90 अंशांचा कोन हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गोम अशी, की तो 89 झाला तरी गाडी चालते, फक्त तिन्ही अ‍ॅक्सलवर तो सारखाच हवा. म्हणून मधली जोडी प्रमाण धरा आणि पुढचं-मागचं चाक अगदी किंचित फिरवत तिच्याशी जुळवा.

इथे सगळ्यात मोहाची चूक म्हणजे रीमर घेऊन रॉडची भोकं मोठी करत सुटणं. इंजिन चालतं, पण रॉड खुळखुळतात आणि सावकाश चालवताना गचके बसतात. त्यापेक्षा चासीच्या बाजू जोडतानाच जिगच्या, म्हणजे फक्त जुळणीपुरत्या वापरायच्या, लांब, निमुळत्या टोकांच्या अ‍ॅक्सलवर रॉड चढवून अ‍ॅक्सलचे बुश (आस ज्यात फिरतो त्या कड्या) सोल्डर करा. अंतरं आपोआप जुळतात.

सोल्डरिंगमध्ये लोक उष्णतेला घाबरतात आणि बारकी सोल्डरिंगची इस्त्री घेऊन जोडावर रेंगाळतात. मग उष्णता पसरते, शेजारचा जोड सुटतो, आणि हाती लागते राखाडी, दाणेदार ढेकळी. 50 वॉटची गरम इस्त्री टेकवा, सोल्डर वाहताच उचला. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) पितळेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे नवशिक्याला ते सोपं जातं. व्हाइट मेटलचा, म्हणजे ओतीव भागांच्या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा, मामला मात्र उलटा. नेहमीची इस्त्री लागली की बॉयलरवरच्या घुमटाचा काठ डोळ्यांदेखत ओघळतो. त्याला 70 अंश सेल्सिअसला वितळणारं सोल्डर आणि तापमान कमी करता येणारी इस्त्री लागते. हे सोल्डर पितळेला थेट धरत नाही, म्हणून पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर चढवा.

पत्रा दुमडताना अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेली रेघ आतल्या बाजूला ठेवा, सूचनेत वेगळं सांगितलं नसेल तर. उलटा दुमडून पुन्हा सरळ केला की तो तिथेच तुटतो.

सरळ रुळावर ठीक, वळणावरच शॉर्टसर्किट? चाक बाजूला सरकून ब्रेकच्या ठोकळ्याला टेकतं, किंवा पुढच्या बोगीचं (पुढच्या लहान चाकांच्या गाड्याचं) चाक सिलिंडरला घासतं. खोलीत अंधार करून चालवा, ठिणगी जागा दाखवते. वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) आणि गिअर बसवताना मध्ये कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करा, मग पट्टी ओढून काढा. तेवढीच फट पुरते.

इंजिन जागेवरच चाकं फिरवतं? वजन वाढवण्याआधी तोल बघा. तोलबिंदू चालकचाकांच्या मधोमध हवा. पुढच्या बोगीची स्प्रिंग कडक असली तर तीच इंजिन उचलून धरते, मग बॉयलरमध्ये कितीही शिसं भरा.

आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन. आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर प्रत्येक बैठकीनंतर ब्रश, साबण आणि कोमट पाण्याने धुवा; रंगाच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. कोपऱ्यात राहिलेला थेंब पितळेवर कळक आणतो आणि काही आठवड्यांनी काळ्या रंगाखालून हिरवट फोड वर येतात, तेही नेमके रिव्हेटांच्या ओळीवर.